कार्यकारणभाव आधी की रिग्रेशन आधी?

रंकाळा काठ:
काल एका सदस्याने येथे लिहिले की, बी.ए.च्या मुलांना आधी रिग्रेशन (एका गोष्टीबरोबर दुसरी किती बदलते, हे आकड्यांवरून काढण्याची पद्धत) चालवायला शिकवावे, कार्यकारणभावाचा, म्हणजे कशामुळे काय घडले याचा, काथ्याकूट एम.ए.ला करता येईल. पुराव्यादाखल त्यांनी म्हटले की, ठिबकवाल्यांचा ऊस एकरी जास्त पडतो, म्हणजे ठिबकनेच उत्पादन वाढते. या उदाहरणानेच मी अस्वस्थ झालो. ठिबक बसवतो तो ज्याच्याकडे भांडवल आहे, स्वतःची विहीर आहे आणि जो माती तपासून खत घालतो. त्याचा ऊस ठिबकाविनाही शेजाऱ्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता असते. तो सगळा फरक ठिबकच्या खात्यावर मांडला, तर गुणक (रिग्रेशनमधून निघणारा परिणामाचा आकडा) कितीही नेटका आला तरी त्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९९२ साली किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाले, तेव्हा कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील फास्ट फूड दुकानांची तुलना शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील दुकानांशी केली. रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यातले मूळ गणित वजाबाकीचे आहे (एका राज्यातील रोजगाराच्या आधी-नंतरच्या बदलातून दुसऱ्यातील बदल वजा करायचा), कस लागतो तो तुलनेचा गट निवडताना. हे पहिल्या वर्षाला का शिकवू नये?

संख्याशास्त्र शिक्षक:
वेतन वाढले नसते तर दोन्ही राज्यांतील रोजगाराचा कल समांतर राहिला असता, हे त्या वजाबाकीमागचे गृहीतक आपण गाळलेत. माझ्या वर्गातील मुलांना प्रमाण त्रुटी (नमुन्यावरून काढलेला अंदाज साधारण किती चुकू शकतो याचे माप) म्हणजे काय हे सांगता येत नाही, कारण परीक्षेत केवळ व्याख्या विचारली जाते. अशा मुलाला आधी संशय शिकवला, तर तो प्रत्येक निष्कर्ष 'निवडीचा दोष' (तुलनेचे गट मुळातच वेगळे असणे) म्हणून मोडीत काढतो आणि स्वतः काहीच मोजत नाही.

शिरोळचा शेतकरी:
न्यू जर्सी राहू द्या. कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी अडू लागल्यापासून २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आम्ही सोसले. २०१९ ला गोठ्यात पाणी शिरले तेव्हा जनावरांची दावी कापून त्यांना सोडावे लागले. तरीही २०१९च्या पुराचा अभ्यास करणारी राज्य सरकारची वडनेरे समिती म्हणते, अलमट्टी कारण नाही. आम्हाला तुलनेचा गट विचारू नका.

रंकाळा काठ:
आपले नुकसान कोणी नाकारत नाही. परंतु ज्या पावसाने कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांची धोका रेषा ओलांडते, त्याच पावसाचे पाणी नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमातून पुढे अलमट्टीत जाते. दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी चढलेले दिसणारच. त्यावरून धरणाचा दोष सिद्ध होत नाही. धरण नसते तर त्याच पावसात पाणी किती चढले असते, हा खरा प्रश्न आहे.

शिरोळचा शेतकरी:
मग 'नसते तर'चा तो आकडा समितीने कोठून आणला? तोही प्रतिमानातूनच (गणिती मॉडेलमधूनच) आला ना? त्याची गृहीतके आम्हाला कोणी समजावून सांगितली? कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायची आहे, आणि पुरावा मात्र आम्हीच द्यायचा!

संख्याशास्त्र शिक्षक:
हा आक्षेप रास्त आहे. तीन पुरांवर रिग्रेशन चालवून काही हाती लागणार नाही, येथे नदीचे जलशास्त्रच हवे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. अभ्यासक्रमाबाबत मात्र माझे मत तेच आहे.

शिरोळचा शेतकरी:
तर मग धरणातील आवक, विसर्ग आणि बंधाऱ्याची पातळी यांच्या रोजच्या नोंदी वर्गात आणा, आणि त्या दिवशी आम्हालाही बोलवा.