जुनी लष्करी विमाने मुलाला कोठे दाखवावीत?

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातील शेतकरी. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की नववीतल्या मुलाला जतन केलेली लढाऊ विमाने दाखवायची आहेत. दिल्लीला जावे की विशाखापट्टणमला?

उत्तर १ : दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात वापिटी, स्पिटफायर आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना भारी पडलेले नॅट पाहता येते. नॅटच्या पंखांचा विस्तार जेमतेम २२ फूट, म्हणजे आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लांबीएवढाच आहे, हे शेजारी उभे राहिल्यावरच पटते. ओळखपत्र सोबत असू द्यावे.

उत्तर २ : माझे मत विशाखापट्टणमला. तेथे समुद्रकिनाऱ्यालगत ठेवलेल्या टीयू-१४२ या पाणबुडीशोधक विमानाच्या पोटात शिरता येते. नौदलाने ते १९८८ ते २०१७ या काळात वापरले. त्याच्या चारही इंजिनांवर एकामागे एक असे दोन पंखे असून ते परस्परविरुद्ध दिशांना फिरत असत. आमची मुलगी तर पाती मोजण्यातच रमली होती.

प्रश्नकर्ता : आत शिरता येत असेल, तर विशाखापट्टणमच. मुलाला अजून काही सांगितलेले नाही, कारण परीक्षा तोंडावर आहे.