१९५९ च्या जनरल मोटर्सच्या पाच भावंडांना ओळखायचे कसे?

प्रश्न:
नमस्कार. जनरल मोटर्सच्या १९५९ सालच्या गाड्यांची जुनी छायाचित्रे मी लावून ठेवत आहे. शेव्हरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबील, ब्यूइक आणि कॅडिलॅक या पाचही नावांच्या चार दारी हार्डटॉप (दोन दारांच्या मध्ये खांब नसलेल्या) गाड्यांना तेच सपाट छत आणि मागे वळलेली तीच काच दिसते. नाकाचा भाग कापला गेलेल्या एका चित्रातली गाडी मी छतावरून शेव्हरोले ठरवली आहे, पण मनाची खात्री होत नाही. हे साम्य इतके का आहे, आणि फरक नेमका कुठे शोधावा?

उत्तर १:
छतावरून निर्णय करू नये, कारण साम्य तिथेच मुद्दाम ठेवलेले आहे. प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीच्या १९५७ च्या बुटक्या, उंच पंखांच्या (मागच्या मडगार्डावर उभारलेल्या पत्र्याच्या कडांच्या) गाड्या पाहिल्यावर जनरल मोटर्सच्या आरेखनकारांनी हाती असलेले काम बाजूला सारून १९५९ साठी नव्याने सुरुवात केली. खर्च आवाक्यात राहावा म्हणून पाचही नावांच्या गाड्यांचे सांगाडे शक्य तितके सारखे केले गेले, इतके की पुढचे दार पाचही नावांनी ब्यूइकचेच वापरले. शेव्हरोलेचे १९५८ चे अंग तर एका वर्षातच मोडीत निघाले. त्यामुळे गाडीचा मधला भाग सामाईक राहिला आणि प्रत्येक विभागाला आपले वेगळेपण दोन टोकांना दाखवावे लागले. माझ्या मते याच अडचणीतून त्या वर्षीचे सर्वांत धाडसी काम घडले.

उत्तर २:
वरील उत्तराला जोडून मागच्या बाजूविषयी लिहितो. शेव्हरोलेचे पंख आडवे पसरतात आणि त्यांच्याखाली मांजराच्या डोळ्यांसारखे लांबट दिवे असतात. ब्यूइकचे पंख तिरके उठतात, खाली एकेक गोल दिवा असतो. कॅडिलॅकचा पंख सर्वांत उंच असून त्यात बंदुकीच्या गोळीसारखे दोन दिवे बसवलेले आहेत. ही गाडी ओळखण्यात कोणी चुकणार नाही. ओल्ड्समोबीलने उंच पंख टाळून मडगार्डाच्या माथ्याला रॉकेटच्या नळीसारखा गोलावा दिला. पॉन्टिॲकच्या प्रत्येक मागच्या मडगार्डावर मात्र दोन छोटे पंख जोडीने उभे असतात, आणि दुरून घेतलेल्या चित्रात नजरेतून निसटतात ते नेमके हेच.
नाक दिसत असेल तर पॉन्टिॲकची मधोमध दुभंगलेली जाळी पुरेशी आहे. ती १९६० मध्ये काढून टाकली गेली आणि १९६१ मध्ये परत आली, म्हणून तिच्यावरून वर्षही ठरवता येते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. भिंग घेऊन तेच चित्र पुन्हा पाहिले. ज्याला मी शेव्हरोलेच्या पसरट पंखाची कड समजत होतो, तिथे दोन स्वतंत्र कडा आहेत आणि त्यांच्यामध्ये सावलीची अरुंद पन्हळ पडलेली स्पष्ट दिसते. नोंदीत शेव्हरोले खोडून पॉन्टिॲक लिहिले आहे. आता छतावरून ठरवलेली बाकीची सर्व चित्रेही मागच्या मडगार्डापासून पुन्हा तपासायला घेत आहे.