इंग्रजी ओळींवर चिकटवलेली हवाईयन

हवाई बेटांवरच्या समुद्री प्राण्यांच्या बालपुस्तकांबद्दल एक तक्रार असते: इंग्रजी गोष्टीत कासवाला हवाईयन भाषेतलं 'होनू' म्हटलं की ते हवाईयन पुस्तक होत नाही. ते पटतं. अशी बरीच पुस्तकं पर्यटकांच्या बॅगेत जायलाच छापलेली वाटतात. पण 'मग सरळ हवाईयनमध्येच का लिहीत नाहीत?' हा प्रश्न जरा अन्यायाचा आहे. १८९६ च्या कायद्याने तिथल्या शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि तो अडसर थेट १९८६ मध्ये दूर झाला. मधल्या नव्वद वर्षांत मुलांसाठी हवाईयनमध्ये छापणार कोण, आणि विकत घेणार तरी कोण? १९८४ मध्ये हवाईतल्या कौआई बेटावर 'पुनाना लेओ' या हवाईयन माध्यमाच्या बालवाड्यांपैकी पहिली निघाली, तेव्हा मुलांपुढे ठेवायला पुस्तकंच नव्हती. मग शिक्षक-पालकांनी इंग्रजी चित्रपुस्तकं घेतली, हवाईयन मजकूर कागदावर तयार करून कापला आणि छापील ओळींवर डकवला. आजच्या हवाईयन बालपुस्तकांच्या मागे ही डिंक-कात्री आहे.

बाकी, समुद्री प्राण्यांच्या गोष्टींसाठी बाहेरून कल्पना आणायची गरजच नाही. 'कुमुलिपो' हे हवाईयन लोकांचं दोन हजारांहून जास्त ओळींचं सृष्टिस्तोत्र. त्यात जीवसृष्टी सुरू होते ती प्रवाळापासून. मग तारामासा, समुद्रकाकडी, शिंपले. पुढे तर समुद्रातल्या जिवाला जमिनीवरची एकेक वनस्पती राखणदार म्हणून जोडून दिलीय. डाव्या पानावर समुद्र, उजव्या पानावर रान, चित्रकाराला आयती मांडणी!