वाचनालयात प्रौढांना शिकवायचं का? आमच्या पायऱ्यांवर तर सुरूच आहे

सेलूकर
लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या दिवसांत आमच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर बायांची रांग असायची. आत अभ्यासिकेत पोलीस भरतीची पोरं. ती मधूनच बाहेर यायची, हातातला मोबाइल घ्यायची, ओटीपी टाकून परत द्यायची. हे कसं करतात ते एकीनंही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी पोरांना आत जायची घाई. खरिपात ई-पीक पाहणीला हेच, फक्त बायांच्या जागी बापे.

करून देता, तर शिकवायला काय हरकत आहे? रोज संध्याकाळी एक तास. सहीच्या पुढचं लिहिणं, बँकेची स्लिप, मोबाइल, आणि ज्यांची दहावी राहिली त्यांना गणित-इंग्रजी. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, परभणीची ७३, जालन्याची ७१ च्या आसपास. बायांचा आकडा त्याहून खाली. आपल्या मराठवाड्यात आधी हैदराबादचा १९५५ चा ग्रंथालय कायदा होता, मग महाराष्ट्राचा १९६७ चा आला. इतक्या वर्षांत ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचनालयात काय आलं? टीव्हीसुद्धा नाही.

ड वर्गवाला
मी असल्याच एका ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडणारा, पेपर लावणारा, नोंदी करणारा आणि कुलूप लावणारा, सगळा एकच. लोकांना वाटतं सरकारी नोकरी आहे. नाही हो, संस्था गावातल्या लोकांची, सरकारचं फक्त अनुदान. तेही वर्षात दोन हप्त्यांत येतं, आणि हप्ता कधी येईल ते विचारू नका. लाइट बिल अभ्यासिकेच्या फीमधून निघतंय. संध्याकाळी ती पोरं उठवून तुमचा वर्ग भरवू का?

नांदेडचा परीक्षार्थी
उठवू नका राव. घरी एका खोलीत सहा माणसं. मला शांतता हीच जागा मिळते, तिथं ‘क ला काना का’ चालू झालं की संपलं. दिवसाला दहा जणांचे ओटीपी टाकणारा मीच आहे, म्हणून बोलायलोय.

उदगीरचे गुरुजी (निवृत्त)
नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात मी रात्री कंदील घेऊन वस्तीवर शिकवायला जात होतो. तीन पुस्तिका होत्या, एक संपली की चाचणी, मग दुसरी. बाया फार जिद्दीनं शिकल्या. शेवटी साक्षर झाल्याचा कागदही मिळाला. दोन-तीन वर्षांनी त्यातलीच एक बाई बँकेत भेटली, अंगठ्याची शाई पदराला पुसत. म्हणाली, “गुरुजी, इसरले बगा.” ती का विसरली? तिसऱ्या पुस्तिकेनंतर तिच्या हातात वाचायला काहीच पडलं नाही. मला वाटतं वाचनालयाचं काम तिथून सुरू होतं. पण तुमच्या कपाटांत काय आहे? जाडजूड कादंबऱ्या, ग्रंथराज, आणि स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे. मोठ्या टायपातलं, सोप्या मराठीतलं, मोठ्या माणसाला बालिश न वाटणारं पुस्तक शोधून दाखवा.

वर्गच हवा असेल तर उल्लास, म्हणजे केंद्राची नवभारत साक्षरता योजना आहेच की. २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांपुढच्यांसाठी. १७ मार्च २०२४ ला आपल्या राज्यात परीक्षाही झाली. शिकवणारे मात्र स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. निरक्षर शोधायचं सर्वेक्षण शिक्षकांच्या गळ्यात आलं तेव्हा संघटनांनी बहिष्कार घातला, आणि मला तो चूक वाटला नाही.

अंबाजोगाईकर
मग प्रश्नच मिटला. झेडपीची शाळा संध्याकाळी रिकामी असते. फळा आहे, बाकं आहेत. वाचनालयाला वाचनालय राहू द्या. उद्या म्हणाल तिथंच रेशनही वाटा.

सेलूकर
ज्या बाकावर सकाळी नातू बसला, त्याच बाकावर आजीनं रात्री बसायचं? लाज वाटते माणसाला. वाचनालयात गेलं तर पेपर वाचायला गेलो असं सांगता येतं.

धारूरची
दादा, तुमचं हे बापयांपुरतं खरं आहे. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ पेपर आणि राजकारण चालतं. तिथून बाई आत जाईल का? मी बारावी होऊनही कधी पायरी चढले नाही.

दुसरं, वर्ग कधी घेणार? आमच्याकडं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयते निघाले की गाव रिकामं. म्हातारी माणसं आणि काही लेकरं मागं राहतात. माणसं परत येणार गुढीपाडव्याच्या मागंपुढं. तुम्ही जूनमध्ये वर्ग काढाल आणि फेब्रुवारीत परीक्षा ठेवाल, मग हजेरी शून्य, आणि वर म्हणाल लोकांना आवडच नाही.

आणि ते अ-आ-इ सोडा जरा. माझी जाऊ नववीपर्यंत शिकलेली, लग्न झालं आणि शाळा सुटली. बचत गटात, कुठंही पुढं जायचं म्हटलं की दहावी आडवी येते. तिला १७ नंबरचा फॉर्म भरायचा आहे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. गणितासाठी क्लासला गेली तर पोरं हसतात, आणि फी वेगळीच. लातूरला डॉक्टर बनवायचे क्लास गल्लोगल्ली आहेत. पस्तिशीतल्या बाईला बीजगणित सांगणारा एक दाखवा.

नांदेडचा परीक्षार्थी
गणित मी सांगू शकतो. खरंच. पण अभ्यासिकेच्या वेळेत नाही.

अंबाजोगाईकर
चार दिवस सांगाल, भरतीची जाहिरात निघाली की पुण्याला पळाल. मग त्या बाईनं काय करायचं? मानधन ठरवल्याशिवाय असलं काही टिकत नाही. गुरुजींचा कंदील विझला तसंच होणार.

उदगीरचे गुरुजी (निवृत्त)
कंदील विझला नव्हता, रॉकेल यायचं बंद झालं. फरक आहे.

सेलूकर
संध्याकाळचा हट्ट सोडतो. धारूरच्या ताई म्हणतात ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण दुपारचं काय? ड वर्गवाले, दुपारी उघडं असतं का?

ड वर्गवाला
दुपारी बाराला कुलूप लावतो ते पाचला उघडतो. ओट्यावर तेव्हा कुत्रंसुद्धा नसतं. किल्ली बाजूच्या पिठाच्या गिरणीत ठेवलेली असते, आणि तिथं बायाच येतात दळण घेऊन. आता मीटिंगमध्ये विषय काढला तर अध्यक्ष पहिलं विचारतील, पंख्याचं बिल कोण भरणार. ते ठरवा आणि सांगा. आणि ताई, तुमच्या जावेला कोणतं गणित अडतंय ते लिहा. आमच्याकडं दहावीची जुनी पुस्तकं पडून आहेत, अभ्यासक्रम बदललाय का तेवढं बघावं लागेल.