नव्या घरात स्वयंपाकघराचं काम काढताना: तुमचे अनुभव लिहा

घर घेतलंय, आधी कुणीतरी राहिलेलं आहे, आणि राहायला जायच्या आधी स्वयंपाकघर पूर्ण नवं करायचं ठरलंय. कॅटलॉग बघून डोकं गरगरतंय कारण त्यात दारांचे रंग सोडून काहीच कळत नाही. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, रोजच्या वापरात काय कामी येतंय ते. फोटोत छान दिसणारं नकोय.

*

सगळ्यात आधी नळाची लाइन बघा, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे सिंकच्या नळाला धार बारीक यायची एवढंच दिसत होतं, भिंत फोडली तर आतला लोखंडी पाइप गंजून निम्मा बुजलेला! सगळी लाइन सीपीव्हीसीची (न गंजणारा प्लास्टिकचा पाइप) टाकून घेतली, प्रेशर देऊन रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी प्रेशर मीटरचा काटा जागचा हलला नाही हे बघूनच टाइल्सच्या कामाला होकार दिला. प्लंबर कुरकुरला, पण टाइलमागे जॉइंट गळायला लागला तर परत सगळं फोडावं लागतं हो. भिंत उघडी असतानाच पाइप आणि वायरींचे फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून. पुढे ड्रिल मारायची वेळ आली की हेच फोटो उपयोगी पडतात.

*

ओट्याची उंची!! मिस्त्री न विचारता 85 सेंमी धरतात आणि उंच माणसाची पाठ जाते. हात कोपरात वाकवून उभं राहायचं, कोपराच्या 10 ते 15 सेंमी खाली ओटा यायला हवा. आम्ही पुठ्ठ्याची खोकी रचली, वर फळी टाकली आणि त्यावर खरंच भाजी चिरून बघितली, एक एक वही खाली सरकवत, खांदे उचलले जाईनात तिथे खूण केली. सिंकची बाजू थोडी वर घेतली कारण हात सिंकच्या तळाशी जातात, ओट्यावर नाही. शेगडीची बाजू मात्र खाली, म्हणजे मोठ्या पातेल्यात टाचा न उचलता बघता येतं. आई आता म्हणते कंबर दुखत नाही, मला बाकी काही नको.

*

ताईंचं उंचीचं अगदी पटलं. मी वायरिंगची कामं करतो म्हणून तेवढंच लिहितो. ओव्हन, इंडक्शन, डिशवॉशर प्रत्येकाला बोर्डपासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्या. 2000 वॉटचं एक उपकरण 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर खेचतं, अशी दोन एकाच एक्स्टेंशनवर लावली की वायर तापते, ते दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचं. ओल्या हाताची जागा आहे, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच, यात काटकसर करू नका. ओव्हनचा सॉकेट त्याच्या मागे नको, शेजारच्या कपाटात द्या, बंद करायला हात पोचला पाहिजे.

*

सिंकखालचं कपाट बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचंच करा, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ओल लागली की फुगतो आणि परत बसत नाही. आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कच्ची कड बघा, सुतार ती तशीच सोडतात, पाणी तिथूनच शिरतं. मी समोर उभी राहून सिलिकॉन भरून घेतलं.

*

चिमणीबद्दल थोडक्यात: सगळे सक्शनचे आकडे विचारतात, डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, कुणी विचारत नाही. डक्ट चिमणीच्या तोंडाएवढ्याच व्यासाचा हवा, वाटेत कुठे बारीक केलेला नको, वळणं कमीत कमी, बाहेर जाणारा रस्ता जवळचा. आमच्या फ्लॅटमध्ये शेगडी बाहेरच्या भिंतीकडे हलवली तेव्हा कुठे फोडणीचा वास बेडरूमपर्यंत जायचा थांबला.

*

ओट्याखाली दारांची कपाटं नको, ड्रॉवर घ्या. माझ्या वडिलांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, कपाटाच्या तळातलं भांडं त्यांच्यासाठी नसल्यासारखंच होतं. आता ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो आणि उभ्या उभ्या सगळं दिसतं. चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) मात्र फुल एक्स्टेन्शनचे मागा आणि किती किलो पेलतात ते विचारा, जड कुकर-कढया खालच्याच ड्रॉवरमध्ये जातात.