नेस्टेड लिस्ट आणि कॉलमची बेरीज चुकतेय, चकली ३२.५ किलोच्या जागी ६२ दाखवतंय

लोकमान्यनगरची_भाची (इंदूर)

नमस्कार सगळ्यांना. मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन शिकायला लागून दीडेक महिना झालाय, कॉलेजात नाही, घरीच व्हिडिओ बघून शिकतेय. माझी मावशी दरवर्षी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, चकली चिवडा शेव अनारसे, सगळं वहीत असतं. यंदा मी म्हटलं मावशी तू सांग मी शीटमध्ये भरते आणि बेरीज कोडने काढून देते, म्हणजे सियागंजातून डाळ-तांदूळ-पोहे किती आणायचे ते आधीच कळेल. आता परवा सामान आणायला जायचंय आणि माझी बेरीज वहीशी जुळत नाहीये. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते.

दोन वेगवेगळे घोळ आहेत. इथे देवनागरीतच लिहायचं असतं म्हणून कोडही तसाच लिहिते, समजून घ्या.

पहिला. काही लोकांनी आधी ऑर्डर दिली आणि नंतर फोन करून वाढवली, ते वाढवलेलं मी आत वेगळ्या लिस्टमध्ये ठेवलंय, म्हणजे एका घरची ऑर्डर अशी दिसते: [२, १, [०.५, ०.२५]]. याची बेरीज ३.७५ यायला हवी. आधी मी सरळ सम (पायथनचं बेरजेचं तयार फंक्शन) लावलं तर एरर आली की इंट (पूर्णांक) आणि लिस्टमध्ये प्लस चालत नाही. मग हे लिहिलं:

डेफ बेरीज(यादी):
    एकूण = ०
    फॉर नग इन यादी:
        इफ इझइन्स्टन्स(नग, लिस्ट):
            बेरीज(नग)
        एल्स:
            एकूण += नग
        रिटर्न एकूण

याचं उत्तर २ येतं. एरर काही नाही, नुसतं २.

दुसरा. शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले सेल असलेली साधी टेक्स्ट फाइल) करून डाउनलोड केली, त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक गिऱ्हाईक आणि प्रत्येक कॉलम म्हणजे एक पदार्थ. चकलीच्या कॉलमची बेरीज मावशीच्या वहीत ३२.५ किलो आहे, माझा कोड म्हणतो ६२. त्यात मी प्रत्येक ओळीसाठी ट्राय मध्ये एकूण += फ्लोट(ओळ[१]), म्हणजे सेलमधल्या टेक्स्टचा नंबर करून मिळव, आणि खाली एक्सेप्ट: पास, म्हणजे एरर आली तर गुपचूप पुढे जा, असं टाकलंय, कारण त्याशिवाय सारखी एरर येत होती. ६२ किलोच्या हिशोबाने सामान आणलं तर मावशीचे पैसे अडकतील, म्हणून घाई आहे. प्लीज कोणीतरी बघा.

रावपुरा_डेटा (वडोदरा)

अगं पहिल्याचं सांगते, दुसऱ्यासाठी फाइल कशी आहे ते बघावं लागेल.

तुझ्या फंक्शनमध्ये दोन चुका आहेत आणि दोन्ही एकावर एक बसल्यात म्हणून तुला कळत नाहीये. रिटर्न बघ कुठे आहे, तो फॉरच्या आत आहे. म्हणजे पहिला नग घेतला, २ मिळवले, आणि लगेच फंक्शन परत फिरलं, पुढचे नग त्याने बघितलेच नाहीत. रिटर्न एकूण ही ओळ फॉरच्या सरळ रेषेत बाहेर काढ. पायथनमध्ये ती चार स्पेस म्हणजे नुसती सजावट नाही, तिच्यावरूनच ठरतं की ओळ लूपची आहे का फंक्शनची.

ते केलंस की उत्तर ३ येईल, ३.७५ नाही. घाबरू नको, दुसरी चूक आता उघडी पडली एवढंच. आतल्या लिस्टसाठी तू बेरीज(नग) बोलावतेस, ती बिचारी ०.५ आणि ०.२५ मिळवून ०.७५ परत आणून देते, पण तू ते घेतच नाहीस, उत्तर हवेत जातं. तिथे एकूण += बेरीज(नग) असं लिही.

तुला वाटत असेल की आतल्या बेरीज मधलं एकूण आणि बाहेरचं एकूण एकच आहे, मला पण सुरुवातीला असंच वाटायचं आणि मी त्यावर एक अख्खा दिवस घालवलाय. ते एक नाहीत. फंक्शन दर वेळी बोलावलं की त्याचं स्वतःचं नवीन एकूण शून्यापासून सुरू होतं, जसं प्रत्येक घरची वेगळी पाटी. आतली पाटी पुसण्याआधी तिचा आकडा बाहेरच्या पाटीवर लिहायला लागतो, ते काम += करतं.

आणि सरळ सम का चालला नाही तर सम शून्यापासून सुरू करून एकेक नग मिळवत जातं, २ झाले, ३ झाले, मग समोर लिस्ट आली. नंबरात लिस्ट मिळवायची कशी ते त्याला माहीत नाही, म्हणून ती एरर. अजून एक, कुठे व्हेरिएबलचं नाव सम ठेवू नकोस हं, सम = ० असं एकदा लिहिलंस की त्या फाइलमध्ये पुढे सम(यादी) चालणार नाही, म्हणेल इंट ऑब्जेक्ट कॉलेबल नाही, म्हणजे नंबराला फंक्शनसारखं बोलावता येत नाही. तुझं एकूण हे नाव छान आहे, पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरंच चालतात. कोडमध्ये आकडे मात्र इंग्रजीच लागतात, देवनागरी ५ तसाच टाइप केला तर सिंटॅक्स एरर, पण तोच अवतरणात टेक्स्ट म्हणून दिला तर इंट आणि फ्लोट दोघंही तो बरोबर वाचतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी आधी ते पास काढ. त्याच्या जागी प्रिंट(रेप्र(ओळ[१])) टाक आणि काय छापतं ते इथे लिही. रेप्र मुद्दाम, कारण त्याने अवतरणासकट दिसतं, रिकामा सेल आणि नुसती स्पेस यातला फरक कळतो.

लोकमान्यनगरची_भाची (इंदूर)

ताई पहिलं झालं!! ३.७५ आलं, पाटीचं उदाहरण डोक्यात एकदम बसलं. आधी फक्त रिटर्न बाहेर काढून बघितलं, तुम्ही म्हणालात तसं ३ आलं, मग दुसरं केलं.

दुसऱ्याचं पण बहुतेक सुटलं. फाइलच्या शेवटी मावशीने सांगितलेली एकूणची ओळ मीच भरली होती, तिच्यात ३२.५ आहे, म्हणजे सगळं दोनदा मोजलं जात होतं. म्हणून ६२ चं निम्मं केलं, ३१ आलं. ३१ आणि ३२.५ मध्ये दीडचा फरक, आणि शीटमध्ये शोधलं तर एका ठिकाणी मी १½ असं फोनच्या कीबोर्डवरचं चिन्ह वापरून टाकलंय, ते फ्लोटला वाचता येत नाही. ३१ अधिक १.५ बरोबर ३२.५. जुळलं. प्रिंट लावून बघायची आता गरज नाही ना?

लष्कर_निवृत्त (ग्वाल्हेर)

बेटा थांब, जुळलेलं नाही.

मी पस्तीस वर्षं लेजर जुळवण्यात घालवलीत, पायथन अलीकडे नातवाबरोबर शिकलो, म्हणून हे लांबवून सांगतो. तुझ्या ६२ मध्ये दोन गोष्टी आहेत, गिऱ्हाइकांच्या ओळींची बेरीज आणि शेवटची ३२.५ ची ओळ. ती ओळ हातात आहे तर निम्मं कशाला करायचं, सरळ वजा कर. ६२ वजा ३२.५ म्हणजे २९.५. म्हणजे तुझ्या ओळींतून आलेत २९.५ आणि हवेत ३२.५, फरक दीड नाही, तीन किलोचा आहे. निम्मं केलंस तेव्हा फरकाचंही निम्मं झालं, आणि नेमकं त्याच आकड्याचं एक १½ तुला सापडलं म्हणून वाटलं की मिळालं. असा योगायोग लेजरमध्ये मी खूपदा बघितलाय, संध्याकाळी सहाला फरक मिळाला म्हणून सगळे खूष होऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फरक टेबलावर.

पडताळून बघ. शीटमध्ये ते १½ बदलून १.५ कर आणि कोड जसा आहे तसाच चालव. ६३.५ येईल, निम्मं ३१.७५. जुळत नाही. म्हणजे अजून दीड किलो कुठेतरी एक्सेप्ट-पासने गिळलंय. रावपुरावाल्या ताईंनी प्रिंट लावायला सांगितलं ते लावच.

शेवटची ओळ कोडने कशी सोडायची: नावाच्या कॉलममध्ये एकूण असेल तर कंटिन्यू. नावात आधी स्ट्रिप लाव, मागे स्पेस राहिली असेल तर तुलना फसते. माझं मत विचारशील तर मूळ डेटाच्या शीटमध्ये बेरजेची ओळ ठेवूच नये, ती वेगळ्या शीटवर ठेवावी.

आणि मोजणी कर. गिऱ्हाइकं किती, त्यातले किती बेरजेत गेले, किती रिकामे, किती वाचता आले नाहीत, हे चार आकडे छाप. मागच्या तिघांची बेरीज पहिल्याएवढी आली पाहिजे. नुसत्या किलोंवर विसंबू नये, ओळी पण मोजाव्या.

लोकमान्यनगरची_भाची (इंदूर)

काका खरंच ६३.५ आलं. मी तर मावशीला फोन करून सांगणारच होते की झालं म्हणून.

प्रिंट लावलं, बाकी सगळे रिकामे सेल आणि एका ठिकाणी 'दीड'. अक्षरात दीड! मावशी भराभर सांगत होती आणि मी ऐकलं तसं टाइप केलं. मोजणी अशी आली: गिऱ्हाइकं २३, बेरजेत १७, रिकामे ४, न वाचता आलेले २. जुळतंय. ते दोन म्हणजे मूळ १½ आणि हे दीड (मी आधीच्या फाइलवर पुन्हा चालवलं). दोन्ही सुधारले, एकूणची ओळ सोडली, ३२.५ आलं, निम्मं-बिम्मं न करता.

आता रिकाम्याला वेगळं केलंय: सेल = ओळ[१].स्ट्रिप(), इफ सेल == '' तर रिकामे += १, नाहीतर ट्रायमध्ये फ्लोट. आणि एक्सेप्टमध्ये नुसतं एक्सेप्ट न लिहिता एक्सेप्ट व्हॅल्यूएरर (टेक्स्टचा नंबर होत नाही तेव्हा येणारी एरर) लिहिलं, आणि पासच्या जागी गिऱ्हाइकाचं नाव आणि सेल छापतेय.

आता हे चारही कॉलमना करायचंय, चार वेळा कॉपी-पेस्ट करू का?

रावपुरा_डेटा (वडोदरा)

कॉपी-पेस्ट नको, एका ठिकाणी दुरुस्त करशील आणि तीन ठिकाणी विसरशील. सेल साफ करून नंबर देणारं एक छोटं फंक्शन कर, सगळ्या ओळी त्यातून काढून नंबरांची नेस्टेड लिस्ट बनव, मग कॉलमसाठी झिप(*ओळी) लिही. तो तारा ओळी सुट्या करून झिपला देतो आणि झिप प्रत्येकीतला पहिला नग एकत्र, दुसरा एकत्र असं बांधतो, आडव्याचं उभं होतं. मग फॉर कॉलम इन झिप(*ओळी): प्रिंट(सम(कॉलम)). इथे सम चालतं कारण आता आत नुसते नंबर आहेत.

पण एक जपायचं. झिप सगळ्यात आखूड ओळीपाशी थांबतं आणि सांगत पण नाही. एखाद्या ओळीत तीनच नग असले तर सगळ्यांचा चौथा कॉलम गायब, अनारसे शून्य. पायथन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं, लांबी वेगळी असली की एरर येते. तेच दे.

शेवेत ०.१ किंवा ०.३ किलो असे आकडे असतील तर शेवटी ०.९९९९९ असलं काही दिसू शकतं. पाव, अर्धा, पाऊण हे कॉम्प्युटरला बायनरीत अचूक ठेवता येतात, ०.१ येत नाही. ०.१ दहा वेळा लूपने मिळवलेस तर पूर्ण १ येत नाही. पायथन ३.१२ पासून सम हे आतल्या आत सांभाळतं, पण += वालं लूप नाही. मी असते तर ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवले असते, ३०० ग्रॅम म्हणजे ३००.

लष्कर_निवृत्त (ग्वाल्हेर)

चारही कॉलम झाले की आडवी-उभी जुळव. प्रत्येक गिऱ्हाइकाची आडवी बेरीज करून त्या सगळ्या मिळव, आणि चार कॉलमच्या उभ्या बेरजा मिळव. दोन्ही एकच यायला पाहिजेत. मात्र आडवी बेरीज झिपमधून काढू नकोस, मूळ ओळींवरून काढ, म्हणजे झिपने काही सोडलं असेल तर पकडलं जाईल. आणि वहीशीही प्रत्येक कॉलम वेगळा ताड. फरक निघाला तर आधीच ठरवून टाकू नकोस की कोड चुकला.

लोकमान्यनगरची_भाची (इंदूर)

काका तुमचं शेवटचं वाक्य बरं झालं वाचलं. ग्रॅममध्ये केलं सगळं, स्ट्रिक्ट लावलं, आडवी-उभी एकच आली. चकली, शेव, अनारसे वहीशी जुळले. चिवडा कोडमध्ये १९,५०० ग्रॅम आणि वहीत १८ किलो. तासभर कोडच बघत बसले, न वाचता आलेले शून्य, गिऱ्हाइकं २३. मग वही घेऊन मावशीच्या शेजारी बसले आणि एकेक नाव वाचलं. मावशीने चिवड्याची बेरीज नेताना दुसऱ्या पानावर पहिल्या पानाची शेवटची ऑर्डर धरलीच नव्हती, दीड किलोची, रामबागेतल्या एका आजींची. नाव वहीत आहे, शीटमध्ये आहे, फक्त बेरजेत नव्हतं. मावशी म्हणाली त्या दरवर्षी वसुबारसेलाच घ्यायला येतात, अगदी पहिल्या.

उद्या सकाळी सियागंज. पोह्यांचा आकडा वाढवलाय यादीत.