गायनेकोमास्टिया (पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी वाढणं): नुसतं लायपोसक्शन पुरतं की गाठही काढावी लागते? नंतर विश्रांती किती?

नवखा_२४
वय २४, उंची १७३ सेंमी, वजन ७१ किलो. दोन्ही स्तनाग्रांमागे चकतीसारखं घट्ट काहीतरी हाताला लागतं, दहावीपासून आहे. वजन १३ किलोने उतरलं, पोट गेलं, हे गेलं नाही. एका ठिकाणी ‘फक्त लायपोसक्शन, जागेवरची भूल, संध्याकाळी घरी’ असं सांगितलं. दुसरे डॉक्टर म्हणतात, गाठ कापूनच काढावी लागेल, पूर्ण भूल, एक रात्र मुक्काम. कोणाचं ऐकायचं? काम बसून आहे, पण जाणं-येणं दुचाकीवर. जिम किती दिवस बंद?

ओपीडीतला
आधी ती चरबी आहे की ग्रंथी हे ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे. उताणे झोपा, अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन कडांना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणा. चरबी असेल तर बोटं स्तनाग्रापर्यंत सरळ येतात, मध्ये काही अडत नाही. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर मागे रबरासारखी, कडा कळणारी चकती बोटांना अडते. तुमच्या वर्णनावरून ग्रंथी वाटते, सोनोग्राफीत पक्कं होईल.

पौगंडावस्थेतली वाढ बहुतेक मुलांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. त्यापुढे राहिली की ग्रंथीत तंतुमय ऊती तयार होतात. मग गोळ्यांनी ती फारशी हलत नाही आणि व्यायामाने तर नाहीच. उलट बेंच प्रेसने मागचा स्नायू वाढला की तीच चकती आणखी पुढे येते. टॅमॉक्सिफेनचा (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) उपयोग होतो तो वाढ नवी, दुखरी असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नऊ-दहा वर्षांच्या जुन्या गाठीवर औषध दुकानातून आणून ते घेऊ नका.

शस्त्रक्रियेआधी कारण शोधून घ्या, नाहीतर चालू असलेलं कारण उरलेली ग्रंथी पुन्हा वाढवतं. रक्तातली हार्मोन्स तपासा: सकाळचं टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, बीटा एचसीजी; शिवाय यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. सोबत अंडकोषांची तपासणी. लाजेपायी ही तपासणी टाळली जाते, आणि क्वचित सापडणारी अंडकोषातली गाठ किंवा क्लाइनफेल्टरमधले (जन्मजात जास्तीचं एक्स गुणसूत्र) लहान, घट्ट अंडकोष तिथेच कळतात. औषधंही सांगा: केसगळतीवरचं फिनास्टेराइड, सूज-रक्तदाबावरचं स्पिरोनोलॅक्टोन, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन, आणि जिममध्ये कोणी दिलेलं इंजेक्शन किंवा लेबल नसलेली पावडर. डॉक्टर पोलीस नाहीत, खरं सांगा.

गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कडक, स्तनाग्रापासून सरकलेली असेल, त्वचा आत ओढली जात असेल, रक्तमिश्रित स्राव येत असेल किंवा काखेत गाठ असेल तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवा. आधी बायोप्सी.

टाका_धागा
प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल. लायपोसक्शनची नळी चरबी ओढते. घट्ट ग्रंथी तिच्यातून येत नाही. नुसतं लायपोसक्शन केलं तर आजूबाजूची चरबी जाते आणि मधली चकती जास्तच उठून दिसते, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया आलीच. ग्रंथी असलेल्यांत सहसा दोन्ही एकत्र करतात.

क्रम साधारण असा. उभं करून खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर चरबी पसरते आणि अंदाज चुकतो. मग एक लिटर सलाइनमध्ये १ मि.ग्रॅ. अॅड्रेनलिन आणि लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) मिसळून ते छातीत भरतात. १०-१५ मिनिटं थांबायचं, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव कमी होतो. काखेच्या बाजूच्या छोट्या छिद्रातून ३-४ मि.मी.च्या नळीने चरबी काढतात. शेवटी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर, घड्याळातल्या चार ते आठ एवढ्या कमानीत छेद घेऊन ग्रंथी काढतात. गडद-फिकट रंगाच्या सीमेवर व्रण झाकला जातो.

खरं कसब काढण्यात नाही, किती ठेवायचं यात आहे. स्तनाग्रामागे साधारण १ सेंमी जाडीचा थर राखतात. सगळं खरवडलं तर स्तनाग्र आत बसतं, बशीसारखा खड्डा पडतो आणि ते स्नायूला चिकटतं. हा खड्डा दुरुस्त करणं पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड. म्हणून ‘शंभर टक्के ग्रंथी काढतो’ ही जाहिरात वाचली की मला शंका येते. काढलेली ऊती पॅथॉलॉजीला पाठवणार का, हे आधी विचारा. पाठवायलाच हवी.

भुलीवरून डॉक्टर ठरवू नका. जागेवरची भूल आणि सोबत गुंगी देऊनही हे होतं. फक्त विचारा: भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असेल का, रात्री रक्तस्राव झाला तर ऑपरेशन थिएटर उघडेल का? प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणीही तपासा.

पट्टीवाला
आता आधीची तयारी आणि नंतरची काळजी, लोक गडबडतात ते इथेच.

शस्त्रक्रियेआधीच्या चार आठवड्यांत सिगारेट बंद, नाहीतर स्तनाग्राचा रक्तपुरवठा आणि जखम दोन्ही धोक्यात. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई साधारण ७-१० दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असणाऱ्यांनी मात्र हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काहीही थांबवू नये.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास सगळ्यात महत्त्वाचे. दोन्ही बाजू थोड्या सुजणं, काळंनिळं होणं चालतं. एकच बाजू अचानक टणक झाली, ताणल्यासारखी दुखली, तर आत रक्त साठतंय. सकाळपर्यंत थांबू नका, तसंच रुग्णालयात जा. उघडून साफ केलं की निकाल बिघडत नाही. उशीर झाला की बिघडतो.

ड्रेन (आतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी) घातली असेल तर एक-दोन दिवसांत निघते. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दाबल्यावर पाण्यासारखं हललं तर तो सेरोमा, म्हणजे आत साठलेला द्रव. सुईने काढतात, कधी दोन-तीनदा. घरी पिळू नका.

प्रेशर बनियन (छाती दाबून धरणारं घट्ट बनियन) ४ ते ६ आठवडे. पहिले तीन आठवडे अंघोळ सोडून दिवसरात्र. एकाच मापाची दोन घेतात आणि इथेच फसतात. सूज उतरली की पहिलं ढिलं पडतं, म्हणून दुसरं एक माप लहान घ्या. आत घडी पडू देऊ नका, घडी तशीच राहिली तर त्वचेवर खोबण उमटते.

टेबलावरचं काम चौथ्या-पाचव्या दिवशी जमतं. कोपर खांद्याच्या वर दोन आठवडे नको. दुचाकी दोन आठवडे नको: अडचण हँडलपेक्षा खड्ड्यांची आणि अचानक ब्रेक दाबताना छातीवर येणाऱ्या ताणाची. चालणं दुसऱ्या दिवसापासून, पायांचा व्यायाम तिसऱ्या आठवड्यानंतर, छातीचा सहा आठवड्यांनंतर आणि तोही अर्ध्या वजनाने.

नवखा_२४
दोन्ही डॉक्टरांना ‘किती थर ठेवणार’ हेच आता विचारतो. पण ग्रंथी काढल्यावर पुन्हा कडक लागलं तर? आणि विमा?

टाका_धागा
तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात छेदाखाली कडक वळ लागतो. तो बहुधा व्रणाचा असतो, उरलेली ग्रंथी नव्हे. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं बोटांनी गोल मालिश, सोबत सिलिकॉन जेल. मऊ व्हायला तीन-चार महिने लागतात. स्तनाग्राचा बधिरपणाही काही महिने राहतो. अंतिम आकार सहा महिन्यांनी बघा, त्याआधी आरशासमोर फोटो काढून काही कळत नाही.

ओपीडीतला
विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते, आणि कंपन्या हे बहुधा त्यातच ढकलतात. सोनोग्राफी, हार्मोनचे अहवाल आणि ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असं कारणासकट लिहिलेलं पत्र जोडून आधीच पूर्वमंजुरी मागा, उत्तर लेखी घ्या. केवळ कॉस्मेटिक म्हणून बिल झालं तर जीएसटीही लागतो, तेव्हा अंदाजपत्रकात भूल, बनियन, पॅथॉलॉजी आणि कर वेगळे दाखवायला सांगा.